बेरा झाली, पण कुठली?

आमच्या दीड वर्षाच्या चिरंजीवांची परवा दुसऱ्यांदा बेरा झाली, म्हणजे झोपेत कानात आवाज वाजवून मेंदूकडून प्रतिसाद येतो का ते बघायची टेस्ट. पहिल्या रिपोर्टवर दोन्ही कानांपुढे एकच ओळ होती, 90 डेसिबलला, म्हणजे खूप मोठ्या आवाजालाही, रिस्पॉन्स नाही. तो कागद घेऊन मी दादरच्या पुलावर किती वेळ उभी होते देव जाणे.

पण सासूबाई काही मानायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, कुकरच्या शिट्टीला हा ढिम्म, स्टीलचं ताट पडलं तरी ढिम्म, पण मागून आजोबांनी घसा खाकरला की मान वळते. मला वाटलं आजीची माया आहे, दुसरं काय. नवीन ऑडिओलॉजिस्टना हे सांगितलं तर त्या सरळ म्हणाल्या, "पहिली टेस्ट क्लिकची होती ना? मग आजींचं बरोबर असू शकतं."

क्लिक म्हणजे टक्क असा आवाज, आणि त्याने मुख्यतः 2000 ते 4000 हर्ट्झचा, म्हणजे चिरक्या आवाजांचा भाग तपासला जातो. खर्जातलं ऐकू येतं का ते त्यातून नीट कळत नाही, त्यासाठी 500 हर्ट्झचा वेगळा टोन बर्स्ट, म्हणजे क्षणभर वाजणारा एकच सूर, लावावा लागतो. मी विचारलं, गणपतीत ढोलाला दचकतो ते? तर म्हणे ढोल छातीतही जाणवतो, तो धरू नका, आजोबांचं खाकरणं धरा.

आता 500 ची टेस्ट जास्त किचकट का, तर कानातल्या शंखात खालच्या सुरांची जागा पार आतल्या टोकाला असते. आवाजाची लाट तिथवर जायला वेळ लागतो आणि तिथल्या नसा सगळ्या एका दमात पेटत नाहीत, म्हणून मेंदूच्या देठाकडून येणारा प्रतिसाद, आलेखावर ज्याला पाचवी लाट म्हणतात, तो उशिरा येतो आणि पसरट दिसतो. (शंखात आवाजाची लाट कशी पुढे सरकते ते शोधणाऱ्या बेकेशींना 1961 चं नोबेल मिळालंय, रात्री दोनला हेच वाचत बसले होते.) पसरट लाट गोंगाटातून शोधायची म्हणजे एकेका पातळीला हजारो टोन वाजवून सरासरी काढायची, आणि पोराने मान जरी हलवली तरी सगळं पाण्यात. म्हणजे गाढ झोप हवी आणि तीही लांब.

पहिल्या वेळी आम्ही डोंबिवलीहून लोकलने गेलो होतो, साहेब मुंब्र्याच्या आधीच गाढ, दादरच्या गर्दीत जागे, आणि टेस्टला एकदम टुणटुणीत. यावेळी शहाणपण करून आदल्या रात्री परळला बहिणीकडे मुक्काम, पहाटे चारला उठवलं, मावशीने टाळ्या वाजवून वाजवून जागं ठेवलं. कपाळाला आणि कानामागे इलेक्ट्रोड लावून दूध दिलं, दहा मिनिटांत घोरायला लागला. झोपेच्या सिरपची वेळच आली नाही.

2000 च्या पुढे काहीच नाही, ते पहिल्यासारखंच. पण 500 ला दोन्ही कानांत 60 डेसिबलला लाट दिसली! मशीनवरचा आकडा खऱ्या ऐकण्यापेक्षा जरा जास्त येतो, त्यातून 15 वजा करून त्यांनी अंदाजे 45 लिहिलं. म्हणजे कानाचं मशीन लावताना खालचे सूर भारंभार वाढवायचे नाहीत. पहिल्या रिपोर्टवर विसंबून सेटिंग केलं असतं तर आजोबांच्या प्रत्येक खाकरण्याला पोरगं रडलं असतं.

घरी फोन केला तर सासूबाई म्हणाल्या, "मी काय वेगळं सांगत होते? आता जेवून घे आधी."