एका माशाचं वय मोजण्यात गेलेला अख्खा दिवस

त्या दिवशी माझ्या ट्रेमध्ये बारा स्लाइड होत्या आणि दुपारपर्यंत सगळ्या उरकतील असा माझा हिशोब होता, पण संध्याकाळी साडेसहा वाजले तरी मी सातव्या स्लाइडवरच होते. त्या सातव्या माशाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी काम काय ते सांगते. मी माशांची वयं मोजते. हाडाच्या माशांच्या डोक्यात मेंदूच्या खाली दोन्ही बाजूंना, आतल्या कानात, छोटे पांढरे खडे असतात, त्यांना ओटोलिथ म्हणतात. तीन जोड्या असतात, त्यातली सगळ्यात मोठी जोडी आम्ही वापरतो. माशाला तोल सांभाळायला आणि ऐकायला हे खडे लागतात. मासा जगतो तोवर खड्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे थर चढत राहतात आणि एकदा चढलेला थर परत विरघळत नाही. खवल्यांचा तसा भरवसा नाही, एक खवला पडतो त्या जागी दुसरा येतो, खडा मात्र जन्मभर तोच. म्हातारपणी माशाची लांबी वाढायची जवळपास थांबते तरी खडा थोडा थोडा जाड होतच राहतो, त्यामुळे लांब आयुष्याच्या माशाचा खरा हिशोब फक्त तिथेच सापडतो.

ट्रेमधले सगळे मासे ऑरेंज रफी होते. खोल समुद्रातला मासा, साधारण पाचशे ते दीड हजार मीटर खाली राहणारा, आणि हजार मीटरवर म्हणजे सूर्याचा प्रकाश संपलेला असतो, पाणी चार ते सात अंशांचं आणि दाब पृष्ठभागाच्या शंभरपट. जिवंत असताना याचा रंग विटेसारखा लाल असतो, मेल्यावर तो उतरून नारिंगी होतो आणि नावातलं ऑरेंज तिथून आलंय. हा लाल रंग त्या खोलीवर लपायलाच उपयोगी पडतो कारण पाण्यात लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषला जातो, खाली लाल अंगावरून परत यायला लाल उजेडच नसतो, मासा काळाच दिसतो. डोकं मोठं, हाडाच्या धारांनी भरलेलं, धारांच्या मधल्या खाचांवर पातळ कातडी आणि आत चिकट द्रव भरलेल्या नळ्या. बाजारात विकायला हे सुंदर नाव मिळण्याआधी याला स्लाइमहेड म्हणायचे. सर्व्हेच्या जहाजावर हे मासे मी हातात घेतलेत. मोजपट्टीच्या फळीवर ठेवला की हाताला मेणचट लागतो, आणि ते खरंच मेण असतं, याच्या अंगात मेणासारखी चरबी भरलेली असते. तरंगण्यासाठी इतर अनेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, हजार मीटरवर एवढ्या दाबाखाली हवेचं काम ही चरबीच करते.

खडा काढायचा म्हणजे डोक्याच्या वरच्या बाजूने छेद द्यायचा, कवटी उघडायची, मेंदू बाजूला सारून चिमट्याने पिशवीतून खडा उचलायचा. बोटाच्या नखाएवढा असतो, कडेला किंचित कातरलेला. धुऊन वाळवून तो रेझिनमध्ये बसवतात, रेझिन घट्ट झालं की डायमंड ब्लेडच्या करवतीने बरोबर मध्यातून पातळ काप काढतात, काप काचेवर चिकटवून पॉलिश करतात, एवढा पातळ की खालून उजेड सोडला की आरपार दिसावा. कापात ते थर झाडाच्या खोडासारखे वलयांच्या रूपात दिसतात, वर्षाला एक वलय, ती मोजली की वय. या सगळ्यात जीव असतो तो गाभ्यात, म्हणजे खड्याच्या अगदी मधल्या ठिपक्यात, मासा पिल्लू असतानाचा भाग. काप गाभ्यातून गेला नाही तर सुरुवातीची वर्षंच हातातून जातात.

आणि सातव्या माशाच्या बाबतीत माझ्याकडून नेमकं तेच झालं होतं. आदल्या आठवड्यात त्याचा डावा खडा पॉलिश करताना मी पाच-सहा फेऱ्या जास्त मारल्या, मायक्रोस्कोपखाली धरला तर गाभा गायब, मधे नुसता धुरकट डाग. खूप वाईट वाटलं. मासा तर मेलेलाच आहे, आपण त्याच्याकडून फक्त एवढीच एक गोष्ट घेतोय आणि ती पण नीट सांभाळता येऊ नये? उजवा खडा होता म्हणून वाचले. पण आता तो एकच उरला होता, त्याला पॉलिश करताना मी दर दोन फेऱ्यांनी थांबून बघत होते, हात पुसत होते, परत दोन फेऱ्या. निम्मी सकाळ त्यातच गेली.

मोजताना आम्हाला माशाची लांबी, वजन, नर की मादी, काहीच सांगत नाहीत, स्लाइडवर फक्त नंबर. कारण एकदा का कळलं की मासा मोठा आहे, डोळे आपोआप जास्त वलयं शोधायला लागतात. आकडा दोघांनी वेगवेगळा काढायचा आणि दुसऱ्याचा आकडा आधी बघायचा नाही.

तर बसले. डाव्या हातात टॅली काउंटर, उजवा हात फोकसवर. गाभ्याजवळची वलयं रुंद असतात, एक फिकं एक गडद, आरामात मोजता येतात. चौतीसपर्यंत मजेत गेले. मग एक जागा येते जिथे वलयं अचानक अरुंद होतात, त्याला आम्ही ट्रान्झिशन झोन म्हणतो, मासा वयात आला आणि वाढीची ताकद अंडी किंवा वीर्य तयार करण्याकडे वळली याची ती खूण मानतात. म्हणजे या माशाला वयात यायलाच चौतीस वर्षं लागली होती. ऑरेंज रफीत यात काही विशेष नाही, वीस ते चाळीस वर्षं सहज लागतात, तरी दर वेळी त्या रेषेपाशी मी क्षणभर थांबते.

तिथून पुढे वलयं इतकी दाट की वहीची पानं कडेने बघतोय असं वाटतं. ब्याऐंशीवर डोळा घसरला. परत ट्रान्झिशन झोनपासून सुरुवात. दुसऱ्यांदा एकशे सहावर शंका आली, हे एक वलय आहे की दोन, कारण कधी कधी एका वर्षात आत एक खोटी रेघ उमटते आणि ती मोजली की वय फुगतं. मग मायक्रोस्कोपचा नाद सोडला, तुकड्या तुकड्यांचे फोटो काढले, जोडून स्क्रीनवर मोठे केले आणि एकेका वलयावर लाल ठिपका देत गेले. शंका आली की तेच वलय खड्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन शोधायचं, खरं असेल तर तिकडेही दिसतं, खोटी रेघ मधेच विरते. असं करत करत कडेपर्यंत पोचले तेव्हा खाली आकडा दिसत होता 141.

मी उठून बाहेर एक चक्कर मारून आले आणि परत पहिल्यापासून मोजलं. 139. तिसऱ्यांदा 141.

हा सर्व्हे 2012 चा होता. तेवढं मात्र मला माहीत होतं, कारण त्या वर्षीचा अख्खा संच माझ्याकडे होता. म्हणजे मासा 1871 च्या आसपासचा. खोल समुद्राचा पहिला मोठा अभ्यास करणारं चॅलेंजर जहाज इंग्लंडहून निघालं डिसेंबर 1872 मध्ये. ते निघालं तेव्हा हा मासा कुठल्यातरी काळोखात होता, बोटाएवढाही नसेल. नॉर्वेच्या रॉबर्ट कोलेट यांनी 1889 मध्ये या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, होप्लोस्टेथस अटलांटिकस हे नाव तेव्हाचं, आणि त्या वर्षी माझ्या स्लाइडवरचा मासा अजून वयात आला नव्हता. मी स्क्रीनवर अठरावं वलय शोधून काढलं आणि त्याच्याकडे बघत बसले. हे कामात कुठेही नोंदवायचं नव्हतं, तरी बघितलं.

मी सीनियरना बोलावलं. त्या पंचवीस वर्षं खडे वाचतायत. आकडा न सांगता नुसतं म्हटलं, "मॅडम, एकदा बघता का, मला धास्ती वाटतेय."

त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा वर केला आणि चाळीस मिनिटं एक शब्द बोलल्या नाहीत. मग कागदावर आकडा लिहून कागद उलटा ठेवला. माझा सरळ केला, त्यांचा सरळ केला. त्यांचा 146.

"पाचाचा फरक इतक्या म्हाताऱ्या माशात चालतो गं," त्या म्हणाल्या. "तू कडेची दोन-तीन सोडलीस, मी मधे एखादं जास्त धरलं असेल. पण म्हातारा आहे हे नक्की."

मग त्यांनी मला तो जुना वाद सांगितला, वाचून माहीत होता पण त्यातून गेलेल्या माणसाकडून ऐकण्यात फरक असतो. न्यूझीलंडच्या आसपास या माशाची मोठी मासेमारी सुरू झाली सत्तरच्या दशकाच्या शेवटी, आणि सुरुवातीला बऱ्याच जणांची समजूत होती की हा वीस-तीस वर्षं जगतो. एवढी दाट वलयं वर्षाला एक असतील हे कुणाला पटेना. मग 1991 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी खड्यांमधलं रेडियम आणि शिसं मोजलं. समुद्राच्या पाण्यातून किंचित रेडियम 226 खड्यात अडकतं, त्याचं हळूहळू शिसं 210 तयार होत जातं, दोघांचं प्रमाण काढलं की खडा किती जुना ते वलयं न मोजताच कळतं. 38 ते 40 सेंटीमीटरचे मासे निघाले 77 ते 149 वर्षांचे! तळहातापासून कोपरापर्यंत मावेल एवढा मासा आणि माणसाच्या दोन आयुष्यांइतकं वय. नंतर दोनशेच्या पुढचेही सापडले.

तोवर व्हायचं ते बरंच झालं होतं. हा मासा समुद्राखालच्या डोंगरांवर जमतो, कारण डोंगराला आपटून वळणारे प्रवाह कोळंबी, छोटे मासे, माकुळ असं खाणं आयतं आणून देतात, आणि अंडी घालायच्या हंगामात तर एकेका शिखरावर थवेच्या थवे. जाळ्याला यापेक्षा सोपी जागा कुठली? काही मिनिटांच्या ओढीत टनावारी मासा वर यायचा. त्यात एका मादीची अंडी इतर बऱ्याच माशांच्या मानाने फार कमी, आणि दर वर्षी प्रत्येक मादी अंडी घालतेच असंही नाही. तळाशी ओढलेल्या जाळ्याने त्या डोंगरांवरची पोवळी मोडली ती वेगळीच, ती पण अशीच शतकानुशतकं वाढलेली. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियाने याला धोक्यातल्या जातींच्या यादीत घातलं, युरोपने 2016 मध्ये आपल्या पाण्यात 800 मीटरच्या खाली तळ खरवडणारी जाळी बंद केली. काही ठिकाणी संख्या हळूहळू सावरतेय, पण जो मासा तिसाव्या वर्षी वयात येतो त्याची एक पिढी उभी राहायला आपली नोकरीची सगळी वर्षं जातात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा आतून समजलं. तीस वर्षं जगणारा मासा समजून जेवढा काढला तेवढाच दीडशे वर्षं जगणाऱ्यांतून निघाला, हिशोब कधीच जुळणार नव्हता.

मॅडम गेल्यावर मी आठवी स्लाइड लावली. सवयीने. ती वीस मिनिटांत झाली, 58. काप जवळजवळ तेवढाच रुंद, वलयं सुटसुटीत.

संचातल्या शेवटच्या स्लाइड दुसऱ्या दिवशी झाल्या आणि दोघींचे आकडे कुलूपबंद झाल्यावर जहाजावरच्या नोंदींची शीट उघडायला मिळाली. मी आधी आठवा नंबर बघितला, लांबी 37 सेंटीमीटर. मग सातवा. लांबी 38 सेंटीमीटर. एका सेंटीमीटरमागे ऐंशीहून जास्त वर्षं. खोली 940 मीटर, मादी. शेवटच्या रकान्यात जहाजावर पोट उघडणाऱ्याने पेन्सिलने लिहिलेलं होतं, अंडाशय भरलेला, अंडी पक्व.