नऊ वर्षांचा फरक

रविवार, रात्री साडेदहा.

भांडी झाली, ओटा पुसून झाला, तरी ते पोरगं डोक्यातून जात नाही.

नाताळच्या नाटिकेची तयारी, म्हणून आज शब्बाथशाळेत लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय घेतला, येशूच्या जन्माचा. ‘क्विरिनिय सूरियाचा सुभेदार असताना’ नावनिशी, म्हणजे शिरगणती, झाली आणि येशू त्याच वेळी जन्मला, असं लूक म्हणतो; तिथपर्यंत आलो आणि त्यानं हात वर केला. नववीत आहे. ‘‘बाई, मत्तय म्हणतो, येशू जन्मला तेव्हा हेरोद राजा होता. हेरोद इ. स. पू. 4 मध्ये वारला. क्विरिनिय आला इ. स. 6 मध्ये, नावनिशी तेव्हाची. मग येशू जन्मला कधी?’’ वहीचं पान पुढे केलं. दोन सालं, खाली रेघ, रेघेखाली 10.

आणि मी म्हणाले, ‘‘बाळा, देवाला सगळं शक्य आहे.’’

कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. सवय झालीय त्यांना.

सावरायला म्हणून कैसरियाचा दगड काढला. 1961 साली तिथल्या जुन्या नाट्यगृहात सापडलेला, येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या रोमी सुभेदाराचं, पंतय पिलाताचं, नाव कोरलेला. ‘‘तो पिलात होता याचा पुरावा झाला, बाई,’’ म्हणाला. उद्धटपणे नाही हो, अगदी हळू. मग वही मिटून ‘‘बरं बाई.’’ हे ‘बरं’ माझ्या ओळखीचं आहे. पप्पांना मी असंच म्हणायचे. असो.

मला ठाऊक नव्हतं असंही नाही. माझ्या जाड बायबलात त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे, माझीच. योसेफस हा ज्यू इतिहासकारही ती नावनिशी हेरोदाच्या मुलाला पदावरून काढल्यानंतरचीच सांगतो. बरेच अभ्यासक म्हणतात, लूकची इथे गल्लत झाली. काहीजण लूकच्या ग्रीकमधल्या ‘पहिली नावनिशी’तल्या ‘पहिली’चा अर्थ ‘क्विरिनियच्या आधीची’ असा लावून वाट काढतात. मला ती ओढाताण वाटते. एवढं सांगायला पाच मिनिटं लागली असती. लूकलाही राग आला नसता. ज्याच्यासाठी लिहिलं त्या थियफिलाला सुरुवातीलाच सांगतो, सगळ्याचा नीट शोध घेऊन लिहितोय म्हणून. मग मीच का घाबरले? माझा विश्वास काही हेरोदाच्या मृत्यूच्या सालावर उभा नाही. त्या वर्षी हॉस्पिटलच्या बाकावर रात्रभर जे... ते आज नको.

तर मग घाबरले कशाला?

दगड आपल्या बाजूनं बोलला की मी मुलांना फोटो दाखवते. साल विरुद्ध गेलं की देवाला मध्ये घालते. येशू पुन्हा उठला यावर पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणाऱ्या थोमाच्या शंकेवर गेल्या ईस्टरला वीस मिनिटं बोलले होते मी! लोकांनी कौतुकही केलं.

मी एकटीनं तरी काय काय करायचं? गुडघे हे असे, मदतीला कुणी नाही, पाळकसाहेब नाटिकेच्या दिवशी तेवढे हार घालायला येणार. पण यातलं काहीच त्याच्या प्रश्नाचं उत्तर नाही. तसं तर बँकेतही काम कमी नव्हतं. सत्तावीस रुपयांसाठी डे-बुक जुळेना म्हणून अख्खी शाखा रात्री नऊपर्यंत बसलेली. फरकाला नऊनं भाग गेला की आकडे उलटे पडलेत समजायचं. निघालं तेच, 41 चे 14 झाले होते. तेव्हा मॅनेजरला ‘देवाला सगळं शक्य आहे’ म्हणाले असते तर?

पुढच्या रविवारी त्याला सांगेन. आधी चुकले म्हणेन, मग लूक, योसेफस, सगळं. उत्तर नाहीच निघालं तर नाही निघालं, तेही सांगेन.

आत्ता कॅलेंडरच्या मागे मांडून पाहिलं. इ. स. पू. 1 नंतर थेट इ. स. 1 येतं, मध्ये शून्य साल नसतंच. म्हणजे त्याचे 10 चुकले, फरक 9 चा. सापडली चूक म्हणून क्षणभर काय आनंद झाला मला, लाज वाटावी असा.

आणि नऊनं भाग जातोय.