विसरलेल्या जागेवरची आरोळी

एकच चीज वेगवेगळ्या तबकड्यांवरून पाठोपाठ ऐकायची मला खोड आहे. घरचे हेडफोनला दुवा देतात. सध्या पाळी ‘डिपरमाउथ ब्लूज’ची. किंग ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडने ती १९२३ मध्ये दोनदा मुद्रित केली. एप्रिलमध्ये इंडियानातल्या रिचमंडला जेनेट कंपनीसाठी, जूनमध्ये शिकागोला ‘ओके’ कंपनीसाठी. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, सगळ्यांनी एका कर्ण्याकडे तोंड करून वाजवायचं. मोठ्या ढोलाच्या दणक्याने सुई उडायची, म्हणून बेबी डॉड्स बिचारा लाकडी ठोकळ्यांवर टकटक करतोय. त्यात रिचमंडचा स्टुडिओ रुळांलगत; गाडी आली की काम बंद. जेनेटची तबकडी गढूळच वाजते.

जॅझ म्हणजे ऐनवेळी सुचेल ते, असं आपण धरून चालतो. पण ऑलिव्हरचा कॉर्नेटवरचा, म्हणजे ट्रंपेटच्या आखूड भावंडावरचा सोलो, तोंडाशी धरलेल्या म्यूटची (आवाज दाबणाऱ्या झाकणाची) उघडझाप करत ‘वा-वा’ बोलणारा, दोन्हीकडे जवळजवळ तोच. गडी चक्क पाठ करून आलाय! तरी शिळा वाटत नाही. सुरांपेक्षा सगळी गंमत त्या उघडझापीत आहे. एखादा सूर कण्हतो, पुढचा खेकसतो.

पुढे १९२५ मध्ये न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या बँडने हीच धून ‘शुगर फूट स्टॉम्प’ नावाने केली. डॉन रेडमनने बांधणी अशी चोख केली की कुठे सुरकुती नाही. ऑलिव्हरच्या शेजारी दुसरी कॉर्नेट वाजवणारा लुई आर्मस्ट्राँग आता इथे आहे आणि ‘पापा जो’चाच, म्हणजे ऑलिव्हरचाच सोलो वाजवतोय. लुईला तो जोसारखा कधीच जमला नाही, असं लिल हार्डिन सांगायची. ती त्याची बायको आणि त्या जुन्या बँडची पियानोवादक, तेव्हा ऐकणं भाग आहे. मला विचाराल तर न जमल्याचं भलंच झालं. गुरूची नक्कल साधली असती, तर लुईचा तो सरळ, भरदार सूर कुठून मिळाला असता?

सोलो संपता संपता जेनेटच्या तबकडीवर एक आरोळी येते, ‘ओ, प्ले दॅट थिंग!’ बेबी डॉड्सनेच सांगून ठेवलंय की तो आपला ब्रेक, म्हणजे बाकीचे थांबल्यावर एकट्याने वाजवायचा तुकडा, विसरला, म्हणून बँजोवाला बिल जॉन्सन मोकळ्या जागेत ओरडला. हे असंच हवं होतं का, असं तंत्रज्ञाने विचारलं. नाही म्हणाले. तरी त्याने ते ठेवलं. हेंडरसनच्या बँडमध्ये कुणी काही विसरलेलं नाही, पण आरोळी मात्र अगदी वेळेवर येते.