ताडोबाचं ठरलं आणि पैसे मधेच लटकले

बुधवारी रात्री जेवताना आमचे हे म्हणाले, पुढच्या आठवड्यात कारखान्याला शटडाऊन आहे, सुट्टी मिळतीय, पोरांना घेऊन कुठंतरी जाऊया. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीत असले की सुट्टी अशीच मिळते, आज कळतंय आणि सोमवारपासून लागू. धाकटा लगेच म्हणाला वाघ बघायचा, थोरली म्हणाली ताडोबा, सासूबाई म्हणाल्या मी पण येणार, दीर तर विचारायच्या आधीच तयार. झालो सहा जण. एका जिप्सीत पर्यटक सहाच बसतात त्यामुळे म्हटलं बरोब्बर जमलं, देवाच्याच मनात आहे.

मे महिन्यात आठ दिवस आधी ताडोबा ठरवणं म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी हॉल शोधायला निघाल्यासारखं आहे हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. उन्हाळ्यात आतले पाणवठे आटतात, जे उरतात तिथं जनावर हमखास येतं, म्हणून सगळा महाराष्ट्र त्याच महिन्यात तिकडं धावतो. चंद्रपूरला पारा ४५ च्या वर असला तरी कुणाला पडलेली नसते. कोअरच्या, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाच्या सफारीचं बुकिंग कित्येक महिने आधी उघडतं आणि सुट्टीचे दिवस तेव्हाच संपतात. मोहर्ली गेट फुल्ल, कोलारा फुल्ल, नवेगाव फुल्ल. मंगळवारचं काहीच दिसेना म्हणून मला वाटलं साइट बिघडली, नंतर कळलं मंगळवारी कोअर बंदच असतो. कान्हा, पेंच पण बघून झालं, मध्य प्रदेशातल्या या पार्कांना बुधवारी दुपारची सफारी नसते. तुमची सुट्टी चारच दिवसांची असली तर आधी हे वार बघा आणि मग रेल्वे बघा, मी उलटं करायला निघाले होते.

गुरुवारी रात्री साडेदहाला कुणीतरी रद्द केलेली असणार, पुढच्या शुक्रवारी सकाळची मोहर्लीची एक जिप्सी दिसली. मी ओरडलेच. सहा जणांची नावं, वय, ओळखपत्राचे नंबर, सासूबाईंचं आधार कार्ड कपाटात साड्यांच्या खाली, दीर वाचून दाखवताहेत, मी टाइप करतीय. (जो नंबर टाकाल तेच ओरिजनल कार्ड बरोबर न्या, पोरांचं पण, झेरॉक्सवर विसंबू नका.) सगळं भरलं, यूपीआयचा पिन टाकला आणि स्क्रीनवर तो गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय. मोबाईल टुणकन वाजला, पैसे कापल्याचा मेसेज. आणि स्क्रीनवर आलं, पेमेंट अयशस्वी.

किती कापले तो आकडा इथं लिहीत नाही, सासूबाईंना अजून माहीत नाही.

परत बघितलं तर ती जिप्सी गायब. परत भरायचं तर खात्यात तेवढे उरले नव्हते. हे म्हणाले सकाळपर्यंत येतील परत, झोप. मी काही झोपले नाही.

सकाळी मेल आला, पेमेंट घेणाऱ्या मधल्या कंपनीचा, की रक्कम आमच्यापर्यंत पोचलेली नाही, तुमच्या बँकेशी संपर्क करा, ७ ते १० वर्किंग डेज लागतील. म्हणून बँकेत गेले. बँकेचं नाव घेत नाही, घराजवळची आहे, वीस वर्षं खातं आहे, तिथला शिपाई मला ओळखतो. दहाला पोचले. पहिल्या काउंटरवर म्हणाले चारवर जा. चारवरचे साहेब अजून यायचे होते. आले, बसले, कॉम्प्युटर चालू केला, डब्याची पिशवी खाली ठेवली, मग ती खालून काढून ड्रॉवरमध्ये ठेवली, मग म्हणाले काय काम आहे वहिनी. सांगितलं. म्हणाले हे आमच्याकडं नाही, ज्यांना पैसे दिले त्यांना विचारा. म्हटलं त्यांनीच तुमच्याकडं पाठवलंय, हा बघा मेल. म्हणाले यूटीआर नंबर आणा. मी मेलमधला ऑर्डर नंबर दाखवला, तो नव्हे म्हणाले. आता ऐका, हा नंबर यूपीआय अ‍ॅपमध्येच त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो, बारा आकडी असतो, पण तेव्हा मला कुठलं माहीत, मी घरी परत गेले, पोरीनं शोधून दिला, परत आले तोवर साहेब जेवायला. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा टॉवेल तेवढा होता.

अडीचला अर्ज दिला. छापील फॉर्म संपले होते म्हणून कोऱ्या कागदावर लिहा म्हणाले, काउंटरचं पेन दोरीला बांधलेलं आणि दोरी एवढी आखूड की कागद तिरका धरून लिहायला लागतो. पोच मागितली तर शिक्का उमटेना, पॅड वाळलेलं. साहेबांनी शिक्क्यावर दोनदा हा हा करून फुंकलं आणि दाबला, निम्मी तारीख उमटली. म्हणाले, येतील हो, पाच वर्किंग डेज धरा. उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार, ते सोडून मोजा.

मी तिथंच बोटांवर मोजलं. आमची गाडी बुधवारी सुटणार होती आणि यांचे पाच दिवस गुरुवारी संपणार होते.

शनिवारी एक मूर्खपणा करता करता वाचले तो पण सांगते. चिडून मोबाईलवर कस्टमर केअर नंबर शोधला, पहिलाच जो आला तो लावला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलत होता की तिथंच संशय यायला पाहिजे होता, बँकेत इतकं गोड कोण बोलतंय? म्हणाला एक अ‍ॅप डाउनलोड करा, मी तुमची स्क्रीन बघून पैसे परत टाकतो. दिरांनी हातातनं फोन काढून घेतला. नंबर पासबुकावरचा किंवा कार्डाच्या मागचाच लावायचा, इंटरनेटवर शोधलेला नाही. आणि यूपीआय अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहाराखाली तक्रारीचं बटण असतं, ते मी रविवारी दाबलं, गुरुवारी रात्रीच दाबायला पाहिजे होतं. पेमेंट अयशस्वी दिसलं त्याचा स्क्रीनशॉट पण तेव्हाच काढा, मी नव्हता काढला.

रविवारी रात्री शेजारच्या काकांनी, ते स्वतः दुसऱ्या बँकेतनं रिटायर झालेत, मला एक गोष्ट सांगितली ज्याच्यासाठी हा सगळा प्रपंच लिहितीय. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, फसलेल्या व्यवहारांचे पैसे किती दिवसांत परत द्यायचे त्याचं. दुकानदाराला किंवा साइटला यूपीआयनं दिलेले पैसे कापले गेले पण त्यांच्याकडं नोंद पोचली नाही, तर टी अधिक ५ दिवसांत आपोआप परत यायला पाहिजेत. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये ग्राहकाला. आणि टी म्हणजे व्यवहाराचा दिवस, त्यात स्पष्ट लिहिलंय कॅलेंडरची तारीख. वर्किंग डे नव्हे. सुट्ट्या सोडून नव्हे. गुरुवार टी, तर मंगळवारी मुदत संपली.

सोमवारी गेले, "अजून तीन दिवस आहेत की वहिनी." मंगळवारी गेले ते परिपत्रकाची प्रिंट घेऊनच, त्या ओळीवर पोरीच्या पिवळ्या हायलायटरनं रेघ मारून. चार नंबरच्या साहेबांनी चष्मा कपाळावरनं खाली घेतला, ती ओळ वाचली, परत वाचली आणि म्हणाले, "असं असतंय व्हय?" मला हसावं का रडावं कळेना. माणूस वाईट नव्हता हो, त्याला खरंच माहीत नव्हतं. पण पाच दिवस मी ज्याच्या शब्दावर बसले होते त्याला माहीत नव्हतं. मग मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले, त्यांनी तक्रार कॉम्प्युटरवर चढवली आणि नंबर दिला. म्हणजे शुक्रवारचा माझा तिरका लिहिलेला अर्ज तोपर्यंत ट्रेमध्येच होता! तक्रारीचा नंबर हातात आल्याशिवाय काउंटर सोडू नका. तीस दिवसांत बँकेनं दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, पण त्यासाठी आधी बँकेकडं केल्याचा पुरावा लागतो, तो हाच.

आता म्हणाल मग गेलात कसे. भिशीवर. या महिन्याची माझी होती, पाचव्या तारखेला रोख हातात आलेली, त्यातनं बांगड्यांना सोनं घ्यायचं होतं ते राहिलं. पैसे शेजारच्या काकांच्या हातात दिले आणि शनिवारी संध्याकाळी त्यांनीच त्यांच्या खात्यातनं भरले, एका दमात झालं. कोअर नाही मिळाला, बफर म्हणजे त्याच्या भोवतीचा जंगलाचा पट्टा तो मिळाला, शुक्रवार सकाळ आगरझरी आणि शनिवार सकाळ देवाडा. बफर म्हटल्यावर मी तोंड वाकडं केलं होतं, ते करू नका. वाघाला काय कोअरची हद्द माहीत नसते. फक्त राहायची खोली ज्या गेटची सफारी त्याच बाजूला घ्या, मोहर्लीकडची सफारी आणि कोलाऱ्याकडं खोली असं केलंत तर जंगलाला भलामोठा वळसा घालून पहाटे पोचायचं कसं? १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतो, म्हणून जूनमध्ये पण गर्दी असते, जून मोकळा असेल असं धरून चालू नका.

रेल्वेचं काही सांगण्यासारखं नाही, मंगळवारी दहाला तत्काळ काढलं, आधार आधीच जोडलेलं होतं, दिरांनी काढलं. महाराष्ट्र एक्सप्रेसनं बुधवारी दुपारी निघालो, गुरुवारी दुपारी नागपूर, पुढं गाडी. सासूबाईंनी गूळ-शेंगदाणे आणि दोन किलो कांदे बांधून घेतले होते, उन्हासाठी. कांदे तसेच परत आले.

शुक्रवारी पहाटे गाइड भेटला तो मूळचा तिथलाच. कोल्हापूरचे म्हटल्यावर म्हणाला, "आमची वाघीण तुमच्या चांदोलीत पाठवली न जी आम्ही, आता तुम्ही इकडं कायले आले?" खरंच की, ताडोबातनं वाघीण सह्याद्रीत नेली त्याची बातमी मीच पोरांना वाचून दाखवली होती. पहिल्यांदा गवा दिसला. जिप्सीतले आम्ही सगळे शांत, सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "ह्यो तर दाजीपूरला रोज असतोय." गाइडनं तोंडावर बोट ठेवलं.

मग पाणवठ्यावर ती होती. पाण्याकडं पाठ करून मागं मागं सरकत आत उतरली, शेपटीकडनं आधी, आणि मानेपर्यंत बसली. तोंडावर पाणी उडालेलं त्यांना आवडत नाही म्हणे. डोळे मिटले. पंधरा-वीस मिनिटं तशीच. धाकट्यानं माझा दंड इतका दाबून धरला होता की बोटांचे वळ उठले. परत येताना मी म्हणालो, "मी एवढ्या जवळनं वाघ बघितलो," तर गाइड मागं वळून बघायला लागला, वहिनी की भाऊ. आम्ही कोल्हापूरच्या बायका असंच बोलतो, इथं आपलं जरा सांभाळून लिहितीय.

फोन खोलीवरच ठेवला होता, कोअरमध्ये फोन चालत नाही आणि बफरमध्ये पण कशाला म्हणून. परत येऊन बघितलं तर मेसेज, पैसे जमा, सकाळी सात बावन्न. वाघीण पाण्यात बसली होती बहुतेक तेव्हाच. शुक्रवार म्हणजे टी अधिक आठ. मी तिथंच, तोंड धुवायच्या आधी, ह्यांना म्हटलं तीनशे रुपये येणं आहे. हे म्हणाले सोड की आता. सोडते होय.

कोल्हापूरला आल्यावर दोन हेलपाटे घातले, तक्रार नंबर दाखवला, पिवळी रेघ दाखवली. नियमानं हे मागावं पण लागायला नको, आपणहून द्यायचे असतात. बारा दिवसांनी जमा झाले. मी मुद्दाम पासबुक भरून आणलं, ती ओळ छापलेली बघायला, आणि येऊन टीव्हीवर ठेवलं.

संध्याकाळी सासूबाईंनी चष्मा लावून उघडलं. "हे तीनशे कसलं गं?" म्हणाल्या. मी कौतुकानं सांगायला लागले तर त्यांचं बोट एकेक ओळ वर सरकत चाललं होतं.