आज चंद्रोदय किती वाजता?

दुपारी तीनच्या सुमाराला सकाळची खिचडी जिरलेली असते, मोदकांसाठी नारळ खवून झालेला असतो, आणि संकष्टी धरलेलं माणूस दिवसातून चौथ्यांदा भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी जातं. चंद्रोदय ९.४७. मगाशी ९.४७ होता म्हणजे आताही ९.४७च असणार, हे कळत असतं. तरी बघितलं जातं. "गेल्या महिन्यात बरा लवकर होता," असं पुटपुटत पाय परत स्वयंपाकघराकडे वळतात.

आज सूर्य किती वाजता उगवला, हे त्याच घरात विचारून बघा. सहा, सव्वासहा, असलं काहीतरी गोलमाल उत्तर येईल. चंद्राचा हिशेब मात्र मिनिटासकट. खगोलशास्त्र पोटाशी बांधलं की विसरायला होत नाही.

"चंद्र आज उशिरा उगवला" हे वाक्य मात्र कानाला खटकतं. उशीर त्याचा नाहीच, तो पुढे निघून गेलेला असतो. पृथ्वी स्वतःभोवती एक गिरकी पुरी करून कालच्या जागी येते, तोवर चंद्र ताऱ्यांमधून पूर्वेकडे सुमारे तेरा अंश सरकलेला असतो. सूर्यही त्याच दिशेला रोज एक अंश सरकतो आणि आपली घड्याळं सूर्याच्या तालावर चालतात, म्हणून हिशेबात बारा अंश उरतात. पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटं लागतात. बारा चोक अठ्ठेचाळीस, आणि तेवढ्या वेळात चंद्र आणखी थोडा पुढे सरकतो, म्हणून पन्नास मिनिटं धरायची. पटत नसेल तर चंद्राजवळचा एखादा ठळक तारा हेरून ठेवावा आणि दोन तासांनी पुन्हा गच्चीवर जावं. चंद्र तासाला साधारण स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, तेव्हा दोन चंद्रांचा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो.

हे सगळं शाळेत शिकवलेलं असतं, तेही नाटक करून. वर्गातला सर्वांत धिप्पाड मुलगा म्हणजे सूर्य. त्याने हात पसरून मध्ये उभं राहायचं, बाकी काम नाही. पृथ्वी झालेली मुलगी स्वतःभोवती गिरक्या घेत त्याला प्रदक्षिणा घालायची, आणि शेवटच्या बाकावरचा लहानखुरा चंद्र तिच्याभोवती पळायचा. तिसऱ्या फेरीत पृथ्वीला घेरी आलेली, चंद्र सूर्यावर आदळलेला, आणि बाई टेबलावर डस्टर आपटतायत. पण त्या गोंधळात एक गोष्ट फार नेमकी होती. बाई चंद्राला बजावायच्या, "तोंड पृथ्वीकडेच ठेवायचं हं." तो तसाच फिरायचा आणि वर म्हणायचा, मी स्वतःभोवती फिरलोच नाही. "मग मघाशी तुझ्यासमोर फळा होता, आता खिडकी कशी आली?" एका प्रदक्षिणेत त्याचं तोंड चारही भिंतींकडे होऊन गेलेलं असायचं. म्हणजे गिरकीही एकच. खऱ्या चंद्राला दोन्हींसाठी तेवढाच वेळ लागतो, २७ दिवस ७ तास ४३ मिनिटं. म्हणून आपल्याला त्याची पाठ दिसत नाही. (पौर्णिमा ते पौर्णिमा मात्र साडेएकोणतीस दिवस, कारण मधल्या काळात पृथ्वीही सूर्याभोवती पुढे गेलेली असते आणि चंद्राला तेवढं जास्तीचं अंतर तोडावं लागतं.)

नाटकात खोटी असायची ती अंतरं. मिलिमीटरला हजार किलोमीटर धरलं तर पृथ्वी पावणेतेरा मिलिमीटरची गोटी होते, चंद्र साडेतीन मिलिमीटरचा धणा, आणि दोघांमध्ये ३८ सेंटीमीटर, म्हणजे फूटपट्टी संपून वर चार बोटं. सूर्याचा गोळा १ मीटर ३९ सेंटीमीटरचा, आणि तो दीडशे मीटर लांब, फाटकाबाहेर, बोरं विकणारीच्याही पलीकडे. हे वर्गात मावणार कसं?

तर, संकष्टी. रोजची पन्नास मिनिटं ही सरासरी झाली. आकाशातली चंद्राची वाट क्षितिजाला बारा महिने एकाच कोनात भेटत नाही. भाद्रपद-आश्विनात पौर्णिमेच्या पुढच्या दिवसांत ती वाट तिरपी पडते आणि आपल्याकडे रोजचा फरक चाळीस-पंचेचाळीस मिनिटांवर येतो. चैत्रात तीच वाट जवळजवळ उभी असते, फरक तासाच्या घरात जातो. त्यात उन्हाळ्यात सूर्यच उशिरा मावळतो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राची सुरुवातच उशिरा झालेली. म्हणून चैत्र ते ज्येष्ठ या संकष्ट्या दहाच्या आसपास ताटकळवतात आणि भाद्रपद ते कार्तिकातल्या साडेआठच्या आगेमागे सोडवतात. उपास नव्याने धरायचा असेल तर तो पावसाळा सरताना धरावा.

याउपर तिथीची लहर. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते, पण चंद्राचा वेग सारखा नसतो. पृथ्वीपासून कधी साडेतीन लाख किलोमीटरच्या थोडा पलीकडे, कधी चार लाखांच्या पलीकडे. जवळ असला की झपझप चालतो, लांब गेला की रेंगाळतो. जुन्या पंचांगवाल्यांचं सूत्र होतं बाणवृद्धी-रसक्षय: साठ घटकांची तिथी फार तर पाच घटका वाढेल, सहा घटका घटेल. घटका म्हणजे चोवीस मिनिटं. प्रत्यक्ष वेधाने बघितलं तर तिथी सुमारे वीस तासांपासून पावणेसत्तावीस तासांपर्यंत ताणते. चंद्रोदयाला चतुर्थी नुकती लागलेली आहे की सरत आली आहे, एवढ्यावरही वेळ पाऊण तास इकडेतिकडे होते.

मग नागपूरहून मावशीचा फोन येतो, "आमची पानं वाढली." मुंबईत अजून काहीच नाही. नागपूर मुंबईच्या सव्वासहा अंश पूर्वेला, म्हणजे पंचवीस मिनिटं आधी. मुंबईचा आकडा पाहून नागपुरात बसून राहणं हा निव्वळ स्वतःवर अन्याय आहे. न्यू जर्सीतल्या सुनेची तर तारीखच वेगळी येऊ शकते. चतुर्थी मुंबईच्या चंद्रोदयानंतर लागली तर मुंबईत संकष्टी दुसऱ्या दिवशी, पण तिकडे चंद्र नऊ-दहा तासांनी उगवतो तेव्हा चतुर्थी चालू असते, म्हणून तिची आदल्या तारखेला.

आणि ९.४७ ला चंद्र दिसेल असं कॅलेंडर कुठे म्हणतं? ती वेळ मोकळ्या, सपाट क्षितिजाची. समोर साठ मीटरवर सात मजली इमारत असेल तर तिच्या माथ्यावर यायला चंद्राला एकोणीस-वीस अंश चढावं लागतं. हात ताठ पुढे करून मूठ वळली की ती दहा अंश झाकते. इमारत किती मुठी उंच ते मोजायचं आणि मुठीला पाऊण तास धरायचा. दोन मुठी झाल्या की सरळ सव्वाअकरा. श्रावणातल्या ढगांना हे गणित लागू नाही. तिथे लोक छापील वेळेलाच दिशेला अक्षता वाहून मोकळे होतात, आणि शहाणपणाचं आहे ते.

तुलनेने शुद्ध चतुर्थीचा चंद्र बिचारा. भाद्रपदात तर तो बघायचाच नाही. तो मात्र सकाळीच उगवून दुपारभर आकाशात फिकट फिरत असतो, आणि आपण संध्याकाळी मान खाली घालून चालतो.

संकष्टीच्या चंद्राचीही तीच गत. रात्री ज्याच्यासाठी गच्चीवर टाचा उंचावल्या, तो दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पश्चिमेला, रिक्षा स्टँडच्या वर, धुतलेल्या रुमालासारखा लटकत असतो. मावळायला अजून तासभर तरी असतो. ऑफिसच्या गडबडीत कुणी वर बघत नाही, आणि त्याच्या मावळायची वेळ कुणी विचारत नाही.