सिमेंट घट्ट होईपर्यंत

“सिस्टर, पैशाचं बघू नका. सगळ्यात भारी स्क्रू टाकायला सांगा सरांना.” निफाड तालुक्यातला द्राक्षबागाईतदार, ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दाराशी मला अडवून सांगत होता. नातेवाइकांचं हे नेहमीचंच. अहो, टायटॅनियमचा स्क्रू आहे, तो सहजासहजी मोडतोय कुठे? त्याला धरून ठेवायला हाड नको का?

आजींचं, म्हणजे त्याच्या आईचं, वय ७२. सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या. पाण्याची कळशी उचलताना पाठीत कट्‌कन झालं, एल-१, म्हणजे कमरेचा पहिला मणका दबला आणि मागे सरकलेल्या तुकड्यामुळे पायांतली ताकद कमी व्हायला लागली. डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, टी-स्कोअर उणे ३.६. उणे २.५ पासूनच ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली, धरतात. आदल्या वर्षी घरातच पडून मनगट मोडलं होतं, तेव्हा प्लास्टर घालून घरी पाठवलं. हाडं तपासून घ्या, असं कुणीच म्हटलं नाही. मला याचाच जास्त राग येतो. किरकोळ पडण्याने मनगट मोडलं तर तेव्हाच खडबडून जागं व्हायला हवं.

दबलेल्या मणक्याच्या वर दोन आणि खाली दोन मणक्यांत मिळून आठ स्क्रू घालायचे होते. हाडात आटे पाडणारा टॅप स्क्रूपेक्षा एक मिलिमीटर बारीक घेतला, म्हणजे आटे हाड खोदून टाकण्याऐवजी दाबून बसतात. चांगल्या हाडात शेवटचे फेरे सरांच्या मनगटाला जड जातात. इथे स्क्रूड्रायव्हर दोन बोटांत फिरत होता. “पकडच नाही,” सर म्हणाले. असा स्क्रू तसाच ठेवला, की पेशंट हालचाल करायला लागल्यावर तो आत डुगडुगतो आणि पुढे एक्स-रेत त्याच्याभोवती काळी कड दिसायला लागते.

म्हणून हे स्क्रू पोकळ होते, टोकाशी बारीक भोकं असलेले. त्यातून मणक्यात बोन सिमेंट सोडायचं. ते कालवायचं काम माझं. पावडरमध्ये द्रव ओतला की उग्र वास सुटतो आणि सगळ्यांची नजर घड्याळाकडे जाते. पातळ असताना भरलं तर शिरेत शिरून फुप्फुसापर्यंत जाऊ शकतं. फार थांबलं तर नळीतच अडकतं. टूथपेस्टइतकं घट्ट झालं, की भरायचं.

मे महिन्यात ते बघता बघता आवळतं. पण ही जानेवारीतली सकाळ होती, निफाडला पारा किती उतरला याच्या बातम्या रोज येत होत्या आणि सिमेंटचा डबा रात्रभर गार स्टोअरमध्ये पडून होता. पाकिटावरची वेळ उलटून गेली, तरी माझ्या ग्लोव्हला चिकटतच होतं. सरांनी हात पुढे केला. “सर, अजून नाही,” मी म्हटलं. हात तसाच राहिला. त्या वेळी मिनिट किती लांब असतं, ते ओटीत उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. चिकटणं थांबल्यावर मी नळी दिली.

एका स्क्रूला साधारण दीड ते दोन मिलिलिटर, तेही थेंबाथेंबाने, सी-आर्मवर, म्हणजे ओटीतल्या एक्स-रे मशीनवर, बघत. पहिले दोन व्यवस्थित भरले. तिसऱ्याला मणक्याच्या पुढच्या बाजूला केसाएवढी काळी रेघ उमटली.

“थांबा!”

भूलतज्ज्ञ मॅडम मॉनिटरवर वाकल्या. बीपी ठीक, सॅच्युरेशन ९९. थोडं थांबून पुन्हा चित्र घेतलं, रेघ पुढे सरकली नव्हती. सरांनी त्या स्क्रूचा नाद सोडला, उरलेले भरले, सगळं कडक झाल्यावरच स्क्रू जोडणारा रॉड बसवला. दुसऱ्या दिवशीच्या सीटीत ती रेघ एका बारीक शिरेतच दिसली, पुढे काही नव्हतं.

आजी वॉकर धरून उभ्या राहिल्यावर मुलगा खूश. “स्क्रू भारीच निघाले!” मी काही बोलले नाही. पण डिस्चार्जच्या वेळी सुनेला बसवून टेरिपॅराटाइडचं, म्हणजे हाड वाढवणाऱ्या औषधाचं, पेन दाखवलं. रोज एक इंजेक्शन, पोटावर किंवा मांडीवर, पेन फ्रिजमध्ये ठेवायचं पण फ्रीझरमध्ये नाही, आणि कोर्स संपला की हाड टिकवायचं दुसरं औषध सुरू करायचं, नाहीतर कमावलेलं पुन्हा जातं. तिने सगळं वहीत लिहून घेतलं. मग हळूच विचारलं, “सिस्टर, माझी पाळी जाऊन सहा वर्षं झाली. मी पण ती डेक्सा करून घेऊ का?”

मी तिला तशीच सरांच्या केबिनमध्ये घेऊन गेले.