टिकी मग अपडेट: बिनशिक्क्याचा मोआई आणि सव्वा सेंटिमीटरचा फरक

मंडळी, टिकी मग म्हणजे पॉलिनेशियन मूर्तीच्या तोंडावळ्याचे सिरॅमिकचे पेले, बारमध्ये ड्रिंक द्यायचे, ते मी जमवतो. मागच्या वेळी तो तपकिरी मोआई मग (मोआई म्हणजे ईस्टर बेटावरच्या दगडी मूर्ती) दाखवला होता ना, इथे न्यू जर्सीत एका इस्टेट सेलला, म्हणजे घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे, मिळालेला, तळाला बनवणाऱ्याचा शिक्का नाही, स्टिकर नाही, आणि विकणारे काका ठामपणे म्हणत होते की चाळीसच्या दशकातला आहे, तर त्याचा बराचसा उलगडा झालाय.

आधी चाळीसच्या दशकाचं बघू. टिकी बार, म्हणजे पॉलिनेशियन थाटाचे बार, त्याच्याही आधीचे, हे खरंय. १९३३ ला अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि लगेच हॉलिवूडमध्ये डॉन द बीचकोंबर हा बार आला, पलीकडे ओकलंडला व्हिक्टर बर्जेरॉनचा ट्रेडर व्हिक्स. पण तेव्हाची ड्रिंक्स काचेच्या ग्लासात, नारळाच्या करवंटीत वगैरे यायची. असा तोंडावळा कोरलेला सिरॅमिक मग सर्रास दिसायला लागला तो पन्नासच्या दशकाच्या शेवटी, म्हणजे हवाई अमेरिकेचं राज्य झालं (१९५९) त्याच सुमारास, आणि साठच्या दशकात तर नुसता पूर आला. त्यामुळे काकांची तारीख मी तिथेच सोडून दिली.

आता शिक्का. नवीन लोकांना परत सांगतो, शिक्का नाही म्हणजे नकली असं अजिबात नसतं. सॅन फ्रान्सिस्कोची ओटागिरी कंपनी, म्हणजे आपली ओएमसी, जपानमध्ये मग करून घ्यायची आणि बऱ्याच मगांवर फक्त कागदी नाहीतर चमकीचं स्टिकर असायचं, ते बारमध्ये दोन-चार वेळा धुतलं की गेलं. आणि शिक्का असला तरी तो नीट वाचावा लागतो. ऑर्किड्स ऑफ हवाई हे नाव घ्या, वाटतं होनोलुलूचा माल, पण कंपनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली, मग बनायचे जपानमध्ये, आणि जायचे कुठे तर अमेरिकाभरच्या पॉलिनेशियन आणि चायनीज रेस्टॉरंटांत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या कपाटातले चार मग काढून परत बघितले होते, आणि त्यांच्या माहितीच्या चारही कार्डांवरचं "हवाई" खोडलं.

तर मोआईला स्टिकर होतं का नव्हतं हे आता कळणार नाही. म्हणून उंची मोजली. एका मित्राकडे हाच मोआई ओएमसीच्या शिक्क्याचा आहे, दोन्ही शेजारी ठेवले आणि माझा सव्वा सेंटिमीटर बुटका! हे मग स्लिप कास्टिंगने होतात, म्हणजे प्लास्टरच्या साच्यात पातळ माती ओतायची, प्लास्टर पाणी शोषून घेतं, कडेला मातीचा थर धरतो, हवा तेवढा जाड झाला की उरलेली माती ओतून टाकायची. (पेणला गणपतीचे साचे बघितलेत त्यांना हे लगेच समजेल, फक्त इथे माती दाबून भरत नाहीत, ओततात.) सुकताना आणि भट्टीत माती आकसते. म्हणजे कुणी तयार मगावरूनच साचा घेतला तर त्यातून निघणारा मग मूळ मगापेक्षा लहानच येणार. शिवाय माझ्या मोआईच्या भुवया आणि ओठांची कड बोथट आहे, मित्राच्या मगावर तीच कड नखाला लागते. माझं मत पक्कं झालंय, हा ओएमसीच्या मगावरून उठवलेल्या साच्यातला आहे, म्हणजे त्याच्या नंतरचा.

वाईट वाटलं का, थोडं वाटलं. पण काढून टाकणार नाहीये, कॉपी कशी ओळखायची हे शिकवणारा मग कपाटात असायलाच हवा.

अजून एक, आपण सगळ्यालाच टिकी म्हणतो ते मला खटकतं. माओरी परंपरेत टिकी हा पहिला माणूस, मोआई हे रापा नुईचे (म्हणजे ईस्टर बेटाचे), कू हा हवाईचा देव. अमेरिकन बारवाल्यांनी सगळं एकाच कपाटात कोंबलं, निदान आपण कार्डावर नीट लिहूया, मी आता कोणत्या बेटाचं रूप आहे त्याचा वेगळा रकाना केलाय.

हिशोब: एकूण २३ मग, १४ ची ओळख पक्की, ५ अंदाजाने, ४ ची ओळख अजून कोरी. पुढच्या शनिवारी त्या चौघांवर यूव्ही टॉर्च मारणार आहे, नंतर केलेला रंग किंवा डिंकाची जोड त्यात वेगळी चमकते. ज्यांच्याकडे शिक्क्याचा ओएमसी मोआई आहे त्यांनी उंची मिलिमीटरमध्ये मोजून कळवा प्लीज, एका नमुन्यावर माझं भागत नाही.